नाव सोपं, ऑपरंड अवघड

यंत्राच्या पोटात : लेखांक ९

८०८५ या प्रोसेसरच्या ऑपकोडच्या तक्त्यात एक गंमत दडलेली आहे. परीक्षेत ती कुणी विचारत नाही, पण असेंबलर लिहायला बसलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशीच आडवी येते. हेक्समधला ४० ते ७एफ हा सगळा पट्टा, म्हणजे सलग ६४ बाइट, इंटेलनं ‘मूव्ह’ या एकाच सूचनेच्या नावावर करून टाकला आहे. त्यातले ६३ खरोखरच मूव्ह आहेत. उरलेला एक, ७६, मूव्ह नाही. तो ‘एचएलटी’ आहे, हॉल्ट. तो आला की प्रोसेसर थांबतो.

असं का, ते बिट उलगडले की लगेच दिसतं. मूव्हचा बाइट तीन तुकड्यांचा असतो. पहिले दोन बिट कायम ०१. पुढचे तीन ‘कुठे ठेवायचं’ ते सांगतात आणि शेवटचे तीन ‘कुठून घ्यायचं’ ते. रजिस्टरांना क्रमांक ठरलेले आहेत: बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१ आणि ए, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, १११. मधली ११० ची जागा राहिली. तिथे ‘एम’ आहे, आणि एम हे रजिस्टरच नाही. एच-एल या जोडीत जो पत्ता भरलेला असेल, मेमरीतल्या त्या जागेला ८०८५ च्या भाषेत एम म्हणतात. आता मांडून पाहा:

मूव्ह ए, बी : ०१ १११ ००० : ७८
मूव्ह बी, ए : ०१ ००० १११ : ४७
मूव्ह एम, एम : ०१ ११० ११० : ७६

मेमरीतली संख्या उचलून त्याच जागी परत ठेवायची, या उद्योगाला काही अर्थ नाही. त्या निरर्थक सूचनेची जागा हॉल्टला मिळाली.

(हेक्समधली ए ते एफ ही अक्षरं आपण या लेखमालेत देवनागरीतच छापतो. त्यामुळे रजिस्टर ‘ए’ आणि हेक्समधला ‘ए’ एकाच वेषात दिसतात. संदर्भावरून ओळखावं लागेल, तेवढा त्रास वाचकांनी सोसावा.)

असेंबलर म्हणजे ‘मूव्ह ए, बी’ वाचून ७८ लिहिणारा प्रोग्राम, आणि डिसअसेंबलर म्हणजे ७८ वाचून ‘मूव्ह ए, बी’ लिहिणारा. एवढ्यावरून हा शब्दकोशाचा कारभार वाटतो: एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला आकडे, आणि मधे एक तक्ता. पण ७६ नं पहिल्याच पायरीवर पाय अडकवला. असेंबलरनं डोळे मिटून सूत्र लावलं तर ‘मूव्ह एम, एम’ लिहिणाऱ्याला मुकाट्यानं हॉल्ट मिळेल. आणि डिसअसेंबलरनं ७६ हा अपवाद आधी तपासला नाही, तर हॉल्टच्या जागी तो एक अस्तित्वात नसलेली सूचना छापेल. विशेष आधी तपासायचं, सामान्य नंतर. हा नियम पुढे आणखी एका ठिकाणी भेटणार आहे.

आज सांगायचं आहे ते एवढंच की सूचनेचं नाव हा यातला सोपा भाग आहे. सगळी गुंतागुंत ऑपरंडमध्ये, म्हणजे सूचना ज्याच्यावर चालते त्यात असते. आणि कुठली माहिती नावात ठेवायची, कुठली ऑपरंडमध्ये, हा निर्णय प्रोसेसर घेत नाही. तो असेंबलर लिहिणारी माणसं घेतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

ही गोष्ट अगदी पहिल्या यंत्रांपासून आहे. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यावर सूचना अक्षरानं लिहीत: ए म्हणजे बेरीज, एस म्हणजे वजाबाकी, टी म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमधली संख्या मेमरीत ठेव. टेलिप्रिंटरच्या कागदी पट्टीवर त्या अक्षरासाठी पाच भोकांची जी खूण उमटायची, तीच त्या सूचनेचा ऑपकोड होती. म्हणजे नावाचं भाषांतर फुकटात व्हायचं. डेव्हिड व्हीलरनं ३१ सूचनांचा जो आरंभीचा प्रोग्राम लिहिला, त्याचा बराचसा जीव पुढच्या कामात खर्च होई: दशमान पद्धतीत लिहिलेला पत्ता वाचायचा, त्याचं बायनरी करायचं आणि सूचनेच्या योग्य बिटांत बसवायचा. ऑपरंडचंच काम.

आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या कितीतरी पिढ्यांनी हे काम स्वतःच्या हातानं केलं आहे. ८०८५ च्या ट्रेनर किटवर असेंबलर नसायचा. वहीत डावीकडे पत्ता, मग हेक्स, मग निमोनिक, मग टिप्पणी असे रकाने आखायचे, तक्त्यातून ऑपकोड शोधायचा आणि किटच्या कीपॅडवर एकेक बाइट दाबत जायचं. सोबतीला बहुधा रमेश गावकरांचं पुस्तक. ७४ प्रकारच्या सूचना आणि २४६ ऑपकोड हे आकडे अनेकांना आजही पाठ असतील. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ऑपरंडच्या सगळ्या जाती ठाऊक आहेत, त्यांना कुणी तसं सांगितलं नसलं तरी.

मूव्ह ए, बी मध्ये दोन्ही ऑपरंड ऑपकोडच्या पोटातच आहेत. ‘एमव्हीआय ए, ०५’ चे बाइट ३ई ०५: इथे ए हे रजिस्टर ३ई मध्ये लपलं आणि पाच ही संख्या मागून आली. ‘एलएक्सआय एच, २०५०’ चे बाइट २१ ५० २०. सोळा बिटांची संख्या, पण आधी खालचा बाइट आणि मग वरचा. प्रॅक्टिकलला किती जणांनी इथे २१ २० ५० दाबलं असेल, त्याला गणती नाही. आणि ‘अ‍ॅड बी’, म्हणजे ८०. हिचे बिट १० ००० ०००: पहिले पाच बिट बेरजेचे, शेवटचे तीन रजिस्टरचे. बी ची बेरीज कशात करायची? ए मध्ये. उत्तर कुठे जाणार? ए मध्येच. पण ए कुठेही लिहिलेला नाही, नावात नाही, ऑपरंडमध्ये नाही, बिटांतही नाही. तो अध्याहृत आहे. डिसअसेंबलर वापरून प्रोग्रामचा अभ्यास करणाऱ्यांना सगळ्यात जास्त गोत्यात आणतो तो हाच, न लिहिलेला ऑपरंड.

आता नावांकडे पाहा. मूव्ह, एमव्हीआय, एलएक्सआय, एलडीए, एलडीएएक्स, एलएचएलडी. सगळ्यांचा अर्थ एकच, इथलं उचल आणि तिथे ठेव. मग इतकी नावं कशाला? कारण इंटेलनं ऑपरंडची जात नावात घातली. शेवटी आय आला की संख्या थेट दिली आहे, एक्स आला की रजिस्टरांची जोडी, एलडीए म्हटलं की पत्ता थेट दिलेला.

१९७६ साली झायलॉगचा झेड८० बाजारात आला. तो काढणारे फेदेरिको फाजिन हे आधी इंटेलमध्येच, ८०८५ चा पूर्वज असलेल्या ८०८० वर काम केलेले. झेड८० वर ८०८० चे प्रोग्राम जसेच्या तसे, बाइटला बाइट चालत. पण झायलॉगनं इंटेलची नावं घेतली नाहीत, आपली वेगळी भाषा केली आणि त्यात या सगळ्या कुटुंबाला एकच नाव ठेवलं, ‘एलडी’.

बाइट ७८ : मूव्ह ए, बी : एलडी ए, बी
बाइट ३ई ०५ : एमव्हीआय ए, ०५ : एलडी ए, ०५
बाइट ३ए ५० २० : एलडीए २०५० : एलडी ए, (२०५०)
बाइट ३२ ५० २० : एसटीए २०५० : एलडी (२०५०), ए

मधला स्तंभ इंटेलचा, शेवटचा झायलॉगचा. जात आता नावात नाही, ऑपरंडच्या रूपात आहे: कंस असला तर ‘त्या पत्त्यावरचं’, नसला तर ती संख्याच. न लिहिलेला ए ही झायलॉगनं लिहून दाखवला. माझ्या मते वाचणाऱ्यासाठी झायलॉगची पद्धत सरस आहे आणि असेंबलर लिहिणाऱ्यासाठी इंटेलची. इंटेलच्या पद्धतीत नाव कळलं की ऑपकोडचा प्रश्न जवळपास मिटला. झायलॉगच्या पद्धतीत ‘एलडी’ वाचून काहीच कळत नाही. आधी दोन्ही ऑपरंड पूर्ण वाचायचे, त्यांची जात ठरवायची आणि मगच ऑपकोड निवडायचा. गमतीची बाब अशी की १९७८ साली ८०८६ आणताना इंटेलनं स्वतःची जुनी पद्धत सोडली आणि एका ‘मूव्ह’खाली सगळं आणलं. आज लॅपटॉपच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरची भाषा त्याच वंशातली आहे.

आणि तिथे शब्दकोशाची कल्पना पार कोलमडते. मूव्ह हे नाव एक, पण त्यामागे ८८, ८९, ८ए, ८बी, ए० ते ए३, बी० ते बीएफ, सी६, सी७ असे कितीतरी ऑपकोड. त्यातलं एक उदाहरण सावकाश पाहू.

मूव्ह ईएएक्स, ईबीएक्स : ८९ डी८
मूव्ह ईएएक्स, ईबीएक्स : ८बी सी३

दोन्ही बरोबर. दोन्हींचं काम तंतोतंत एक. इथे ऑपरंड दुसऱ्या बाइटमध्ये आहेत, आणि त्या बाइटचे तीन भाग: दोन बिट, तीन बिट, तीन बिट. डी८ म्हणजे ११ ०११ ०००. पहिले ११ सांगतात की दोन्ही बाजूंना रजिस्टरच आहे, मेमरी नाही. ०११ म्हणजे ईबीएक्स, ००० म्हणजे ईएएक्स. ८९ चा अर्थ ‘मधल्या खणातलं शेवटच्या खणात टाक’. ८बी चा अर्थ नेमका उलटा, आणि ८९ व ८बी यांच्यात फरक फक्त एका, दिशेच्या, बिटाचा. सी३ म्हणजे ११ ००० ०११, खण अदलाबदल केलेले. मेमरीशी देवाणघेवाण करायची असते तेव्हा या दोन दिशांची गरज असते, कारण मेमरी फक्त शेवटच्या खणात बसू शकते. दोन्हीकडे रजिस्टर आलं की दिशा निरर्थक होते आणि एकाच वाक्याच्या दोन जोड्या तयार होतात.

असेंबलरनं यातली कुठली निवडायची? कुठलीही. एरिक आयझॅक्सन यांनी ‘ए८६’ नावाचा असेंबलर लिहिला होता. तो शेअरवेअर होता: वापरून पाहा, कामाचा वाटला तर पैसे पाठवा. त्यांनी अशा दुहेरी जागांवर मुद्दाम एक चमत्कारिक मिश्रण निवडलं, इथे ८९ तर तिथे ८बी. त्यामुळे तयार झालेल्या प्रोग्रामकडे पाहून तो ए८६ मधून निघाला आहे हे ओळखता यायचं. पैसे न देता धंद्यासाठी वापरणाऱ्याला पकडण्याची ही सोय, आणि ती त्यांनी मॅन्युअलमध्ये उघड लिहून ठेवली होती.

डिसअसेंबलर मात्र दोन्ही जोड्यांना एकच ओळ छापतो. म्हणजे बाइट उलगडले, मजकूर पुन्हा असेंबल केला, तर मूळचे बाइट परत येतीलच याची खात्री नाही. ज्यांना ती खात्री हवी, त्यांच्यासाठी ग्नू असेंबलरमध्ये सूचनेआधी महिरपी कंसात ‘लोड’ किंवा ‘स्टोअर’ असं लिहून दिशा सांगायची सोय आहे.

या तीन खणांच्या बाइटमध्ये आणखी अडगळ आहे. पहिले दोन बिट ०० असले आणि शेवटचा खण १०१, म्हणजे ईबीपी असला, तर त्याचा अर्थ ‘ईबीपीनं दाखवलेली मेमरी’ असा होत नाही. ती जोडी ‘थेट पत्ता पुढे येतो आहे’ हे सांगायला राखून ठेवली आहे. मग कुणी ‘मूव्ह ईएएक्स, [ईबीपी]’ लिहिलं तर? असेंबलर गुपचूप एक शून्य जोडतो आणि ८बी ४५ ०० असे बाइट लिहितो, म्हणजे ‘ईबीपी अधिक शून्य’. ग्नूचा ऑब्जडम्प हाच मजकूर उलगडताना ते शून्यही दाखवतो. लिहिणाऱ्यानं कधीच न लिहिलेलं शून्य वाचणाऱ्याच्या पदरात पडतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘म्यूल ईबीएक्स’, बाइट एफ७ ई३. ई३ म्हणजे ११ १०० ०११. शेवटचा खण ईबीएक्स, ठीक. पण मधला १०० हा इथे रजिस्टर नाहीच; एफ७ नंतर मधला खण सूचनेच्या नावाचा भाग होतो. १०० आला तर गुणाकार, दुसरा क्रमांक आला तर दुसरंच काही. जी जागा मूव्हमध्ये ऑपरंडची होती ती इथे नावाची. आणि गुणाकार कशाशी, उत्तर कुठे? ईएएक्सशी, आणि उत्तर ईडीएक्स-ईएएक्सच्या जोडीत. दोन्ही अध्याहृत.

लिहायच्या पद्धतींबद्दलही दोन शब्द, कारण नवख्याला सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो. इंटेलच्या पद्धतीत ‘कुठे’ आधी, ‘कुठून’ नंतर. युनिक्सच्या जगातून आलेल्या एटीअँडटी पद्धतीत उलटं, शिवाय रजिस्टराआधी टक्क्याचं चिन्ह, थेट संख्येआधी डॉलरचं, आणि आकार नावाच्या शेपटीला.

इंटेल : मूव्ह ईएएक्स, ५
एटीअँडटी : मूव्हएल $५, %ईएएक्स

यातलं डॉलरचं चिन्ह गळालं तर असेंबलर तक्रार करत नाही. तो समजतो, मेमरीत ५ क्रमांकाच्या पत्त्यावर जे आहे ते आण. प्रोग्राम चालवल्याबरोबर कोसळतो आणि माणूस चूक भलतीकडेच शोधत बसतो. एकाच पद्धतीतही एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मॅझममध्ये ‘मूव्ह ईएएक्स, टोटल’ लिहिलं तर टोटल या व्हेरिएबलची किंमत येते, आणि पत्ता हवा असेल तर ‘ऑफसेट’ लिहावं लागतं. नॅझम या दुसऱ्या असेंबलरमध्ये तीच ओळ पत्ता आणते. किंमत हवी असेल तर चौकोनी कंस हवेत. मॅझम प्रत्येक नावाची जात लक्षात ठेवतो आणि त्यावरून अर्थ लावतो. नॅझम असं काही लक्षात ठेवत नाही, जे लिहिलं आहे तेच करतो. मला नॅझमचा हा रोखठोकपणा आवडतो.

आणि एक जुनी चूक तर कायमची वस्तीला आली आहे. एटीअँडटीच्या वंशातले काही असेंबलर दशांशाच्या वजाबाकी-भागाकाराच्या ठरावीक सूचनांत रजिस्टरांची अदलाबदल चुकीची करत. तोवर त्या चुकीला धरून कंपायलरांनी ढिगानं मजकूर लिहून ठेवला होता. ग्नूवाल्यांनी ती चूक तशीच पाळायचं ठरवलं आणि मॅन्युअलमध्ये तसं कबूलही केलं. त्यामुळे त्या काही ओळींत एटीअँडटीमध्ये दिसणारं नाव इंटेलच्या नावाच्या नेमकं उलट असतं.

उडीच्या सूचनांचं वेगळंच. लिहिणारा लिहितो ‘जम्प पुन्हा’, जिथे ‘पुन्हा’ हे त्यानं एका ओळीला दिलेलं नाव, लेबल. बाइटमध्ये ते नावही जात नाही आणि बहुतेक वेळा पत्ताही जात नाही. जातं ते अंतर. घर नंबर ४१२ असं न सांगता ‘इथून पुढे चौथं घर’ सांगावं, तसं. फक्त ‘इथून’ म्हणजे उडीच्या सूचनेपासून नव्हे, तिच्या पुढच्या सूचनेपासून. म्हणून ईबी एफई ही दोन बाइटची सूचना स्वतःवरच उडी मारत राहते: एफई म्हणजे उणे दोन, पुढच्या सूचनेपासून दोन बाइट मागे, म्हणजे पुन्हा तिथेच. लेबल पुढे कुठेतरी असलं तर असेंबलरला अंतर आधी माहीत नसतं, म्हणून तो मजकुरावरून दोनदा फिरतो, पहिल्या फेरीत पत्ते जमवतो आणि दुसरीत ते भरतो. डिसअसेंबलरला उलट अंतर माहीत असतं पण ‘इथून’ म्हणजे कुठून हे सांगावं लागतं. तेच बाइट दुसऱ्या पत्त्यावर आहेत असं सांगितलं तर छापलेला मुक्काम बदलतो. ‘पुन्हा’ हे नाव मात्र गेलं ते गेलंच, कुणी वेगळी यादी जपून ठेवली नसेल तर.

आता जरा मोकळ्या हवेत. रिस्क-५ ही अलीकडची, कुणालाही फुकट वापरता येणारी रचना. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर तिच्यावरच बांधले आहेत. इथे मूळ सूचना सरसकट ३२ बिटांची आणि खण ठरलेल्या जागी. ‘अ‍ॅड ए०, ए१, ए२’ अशी दिसते:

००००००० ०११०० ०१०११ ००० ०१०१० ०११००११

हेक्समध्ये ००सी५८५३३. मधले पाच-पाच बिटांचे तीन खण म्हणजे १२, ११ आणि १० क्रमांकांची रजिस्टरं. बाकीचे बिट मिळून ‘बेरीज’. ग्नूच्या साधनांत या सूचनेसाठी तक्त्यात एक ओळ आहे, आणि ती असेंबलर व डिसअसेंबलर दोघांनाही पुरते. ओळीत मुख्य गोष्टी चार: नाव ‘अ‍ॅड’, ऑपरंडची खूण ‘डी,एस,टी’, नमुना ००००००३३, आणि चाळणी एफई००७०७एफ. चाळणीत जिथे १ आहे ते बिट नावाचे, जिथे ० आहे ते ऑपरंडचे. डिसअसेंबलर हातातल्या ३२ बिटांना चाळणी लावतो, उरलेलं नमुन्याशी जुळलं तर ही बेरीज. मग खुणेतल्या एकेका अक्षरावरून कुठला खण काढायचा ते ठरतं. असेंबलर तीच ओळ उलट वाचतो, नमुना घेतो आणि खणांत रजिस्टरांचे क्रमांक भरतो. नाव आणि ऑपरंड यांच्यातली हद्द इतकी स्वच्छ आखलेली दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

तरी लबाडी इथेही आहे. रिस्क-५ मध्ये ‘रेट’, म्हणजे फंक्शनमधून परत ये, अशी सूचनाच नाही. असेंबलर तिच्या जागी ‘जेएएलआर एक्स०, ०(एक्स१)’ लिहितो, हेक्समध्ये ००००८०६७. ‘नॉप’ म्हणजे शून्यात शून्य मिळवून शून्यात ठेवणं, ००००००१३. तक्त्यात ही टोपणनावं मूळ सूचनांच्या आधी लिहिलेली असतात, म्हणून डिसअसेंबलरला आधी ‘रेट’ सापडतं आणि तो तेच छापतो. ७६ वाला नियम तो हाच. खरं नाव पाहायचं असेल तर ऑब्जडम्पला टोपणनावं नकोत असं वेगळं सांगावं लागतं.

सगळ्यात मासलेवाईक ‘एलआय’. रजिस्टरात १२३४५एफएफएफ ही संख्या भरा, असं लिहिलं की असेंबलर दोन सूचना काढतो. पहिली वरचे वीस बिट भरते, दुसरी खालचे बारा मिळवते. मग पहिलीत १२३४५ असायला हवं ना? नाही, १२३४६ असतं. कारण खालच्या बारा बिटांना चिन्ह असतं आणि एफएफएफ म्हणजे उणे एक. म्हणून असेंबलर वर एक जास्त देतो आणि खाली एक वजा करतो. डिसअसेंबल करणाऱ्याला १२३४६ आणि उणे १ दिसतात. मूळ संख्या त्याची त्यानं जुळवायची.

प्रोग्रामांना मजकूर नको असतो, त्यांना सूचना तुकडे करून हवी असते. एलएलव्हीएम या कंपायलरच्या आत प्रत्येक सूचना म्हणजे एक क्रमांक आणि ऑपरंडची यादी. प्रत्येक ऑपरंड रजिस्टर, संख्या किंवा अजून किंमत न ठरलेलं एखादं सूत्र. त्या क्रमांकांना नावं आहेत, आणि ती वाचून ८०८५ चा तक्ता आठवल्याशिवाय राहत नाही. मूव्ह हे एक नाव तिथे नाहीच. रजिस्टरातून रजिस्टरात म्हणजे मूव्ह३२आरआर, थेट संख्या म्हणजे मूव्ह३२आरआय, मेमरीतून म्हणजे मूव्ह३२आरएम. आणि वर पाहिलेली ८बी सी३ ही उलट्या दिशेची जोडी? तिला मूव्ह३२आरआर_रेव्ह असं स्वतंत्र नाव आहे. माणसांसाठी एक नाव, यंत्रासाठी पुन्हा ऑपरंडच्या जातीनुसार अनेक. एलएलव्हीएमच्याच आधारानं नुयेन आन क्विन्ह यांनी २०१३ साली कॅपस्टोन ही डिसअसेंबलरची लायब्ररी काढली. तिच्यात मेमरीचा ऑपरंड मूळ रजिस्टर, दुसरं रजिस्टर, त्याचा गुणक आणि वरची भर असा सुटा करून मिळतो, आणि न लिहिलेली रजिस्टरंही वेगळ्या यादीत मिळतात. म्यूलमागचे ईएएक्स आणि ईडीएक्स तिथे उजेडात येतात.

शेवटचा आणि सर्वांत चिवट प्रश्न म्हणजे सूचना सुरू कुठे होते? रिस्क-५ च्या मूळ संचात दर चार बाइटला. इंटेलच्या कुळात सूचना १ ते १५ बाइटची, त्यामुळे एक बाइट चुकला की पुढचं वाचन बदलतं. हे सात बाइट पाहा:

ईबी ०१ बी८ ३१ सी० सी३ ९०

ऑब्जडम्पसारखा ओळीनं वाचत जाणारा डिसअसेंबलर म्हणेल: एक बाइट ओलांडून उडी, आणि मग ‘मूव्ह ईएएक्स, ९०सी३सी०३१’. पण प्रोसेसर बी८ वर पाय ठेवतच नाही. तो उडी मारून ३१ वर उतरतो, आणि तिथे ३१ सी० म्हणजे ‘झॉर ईएएक्स, ईएएक्स’, ईएएक्स शून्य कर, आणि सी३ म्हणजे परत ये. बी८ हा निव्वळ चकवा. आयडा किंवा घिद्रासारखी साधनं उडीच्या मागोमाग जाऊन वाचतात, म्हणून या सापळ्यात पडत नाहीत. मात्र उडीचा पत्ता रजिस्टरात असला, ‘जम्प ईएएक्स’, तर त्यांनाही पुढे अंदाजच बांधावा लागतो. व्हायरस लिहिणाऱ्यांना हे फार पूर्वीच कळलं आहे.

वाचकांसाठी गृहपाठ. २००० या पत्त्यापासून ८०८५ च्या मेमरीत हे दहा बाइट आहेत:

२१ ५० २० ७ई २३ ८६ ३२ ५२ २० ७६

लागणारं बहुतेक सगळं वर आलं आहे. राहिलं ते एवढंच की २३ म्हणजे ‘आयएनएक्स एच’, एच-एल जोडीत एक मिळवा. कागद-पेन्सिल घेऊन प्रोग्राम उलगडा आणि तो काय करतो ते एका वाक्यात लिहा. मग पहिला बाइट सुटला असं धरा, ५० पासून वाचायला लागा आणि वाचन कुठल्या बाइटला पुन्हा रुळावर येतं ते शोधा. त्यासाठी एक माहिती: ८०८५ मध्ये २० म्हणजे ‘आरआयएम’, एका बाइटची सूचना. उत्तरं पुढच्या आठवड्यात, लिंकरवरच्या लेखांकासोबत.